बसच्या दिव्याचा छोटा बोर्ड कीकॅडच्या आकारमर्यादेत का मावत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बसमध्ये सामानाच्या रॅकला लागून बसणाऱ्या एलईडी दिव्याचा सर्किट बोर्ड २४० मिमी लांब आणि ६२ मिमी रुंद आहे. त्याच्या बाह्यरेखेची डीएक्सएफ फाइल (रेखाचित्रांच्या देवाणघेवाणीची फाइल) मेकॅनिकल विभागाकडून मिळाली आहे. कीकॅड या सर्किट आखण्याच्या सॉफ्टवेअरच्या पीसीबी (सर्किट बोर्ड) संपादकात ती एकास एक प्रमाणात आणायला गेले की आकार मर्यादेबाहेर जातो. प्रमाण ०.१ दिले की आकृती येते, पण दहापट लहान येते, आणि ती पुढे मोठी करण्याचा मार्ग सापडत नाही. प्रश्नकर्त्याने फाइलच्या शीर्षभागातले आकडेही दिले आहेत: एककाचा क्रमांक ४ (म्हणजे मिलिमीटर), किमान निर्देशांक ६४१२.० आणि −१०३४.१, कमाल निर्देशांक ६६५२.० आणि −९७७.९.

हे आकडे दिले हे फार बरे झाले, कारण उत्तराचा मोठा भाग त्यांतच आहे. कमाल क्ष-निर्देशांकातून किमान वजा केला की बरोबर २४० मिमी येतात. म्हणजे एकक बरोबर आहे आणि लांबीही बरोबर आहे. बोर्ड मात्र आरंभबिंदूपासून, म्हणजे शून्य निर्देशांकापासून, साडेसहा मीटर दूर पडला आहे. तो बसच्या सांगाड्यात जिथे बसणार आहे त्या जागेचे निर्देशांक घेऊनच फाइल बाहेर पडली आहे. अशा फाइलला ०.१ प्रमाण लावले की ६६५२ चे ६६५ होतात आणि आकृती मर्यादेत येते, पण त्यात बोर्डाचाही दहावा हिस्सा होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. याशिवाय न विचारलेली, पण अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की उभ्या दिशेचा फरक ५६.२ मिमी येतो, ६२ नव्हे. त्याचा विचार पुढे केला आहे, कारण आकारमर्यादेची अडचण दूर झाल्यावरही ती चूक फाइलमध्ये तशीच राहिली असती आणि थेट बोर्ड तयार होऊन आल्यावर कळली असती.

आधी मर्यादा कुठून येते ते पाहू. कीकॅडच्या पीसीबी संपादकात प्रत्येक बिंदूचा निर्देशांक नॅनोमीटरमध्ये, पूर्णांकाच्या रूपात, ३२ बिटांत साठवला जातो. धन-ऋण चिन्ह धरून ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ ही आहे, आणि एवढे नॅनोमीटर म्हणजे २१४७.४८ मिमी. आरंभबिंदूच्या दोन्ही बाजू धरल्या तर सुमारे ४ मीटर × ४ मीटर एवढा बोर्ड करता येतो, आणि कीकॅडच्या माहितीपुस्तिकेतही हाच आकडा दिलेला आहे. अपूर्णांकाऐवजी पूर्णांक वापरण्यामागे कारण आहे. दोन रेषांची टोके तंतोतंत जुळतात का, दोन ट्रॅकमधले (तांब्याच्या वाटांमधले) अंतर नियमापेक्षा एका कणानेही कमी आहे का, असे प्रश्न सर्किटच्या आराखड्यात लाखो वेळा विचारले जातात, आणि अपूर्णांकी संख्यांत शेवटच्या स्थानावर होणाऱ्या फेरफारामुळे त्यांची उत्तरे डळमळीत होतात. पूर्णांकात असा घोळ होत नाही. त्याची किंमत म्हणून कामाच्या पटाला पक्की कड येते. डीएक्सएफ फाइलला अशी कड नाही. तिच्यात निर्देशांक दशांश चिन्हासह अक्षरांत लिहिलेले असतात, त्यामुळे तिथे किलोमीटरभर लांबची रेषाही बिनतक्रार राहते. यांत्रिक आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठीक दिसणारी फाइल सर्किटच्या सॉफ्टवेअरमध्ये अडते ती यामुळे.

मर्यादा ओलांडल्यावर नेमके काय होते हे आवृत्तीनुसार बदलते. कधी सूचना येऊन काम थांबते, तर कधी आकृती येते पण वेडीवाकडी किंवा कुठेतरी कडेला. त्यामुळे सूचना आली नाही म्हणून फाइल बरोबर आली, असे समजू नये. शिवाय दोन बिंदूंमधला फरकही त्याच ३२ बिटांत मावायला हवा, हे लक्षात घेऊन मी कोणताही बोर्ड आरंभबिंदूपासून एक मीटरच्या आत ठेवतो. नियम म्हणून हे कुठे लिहिलेले नाही, पण त्यापलीकडे जाण्याची गरज क्वचितच पडते.

इतर सॉफ्टवेअरमध्ये आकडे वेगळे असले तरी गोष्ट तीच आहे. अल्टियम या दुसऱ्या सर्किट-सॉफ्टवेअरच्या पीसीबी संपादकात कामाची जागा १०० इंच × १०० इंच, म्हणजे २५४० मिमी चौरस आहे आणि तिचा मूळ आरंभबिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे ऋण निर्देशांकांची आकृती तिथे लगेच अडचणीत येते. म्हणून ऑटोकॅड या रेखाटन-सॉफ्टवेअरची फाइल घेताना त्या फाइलमधला शून्य बिंदू कुठे ठेवायचा, हे विचारणारी जागा अल्टियमच्या खिडकीत मुद्दाम दिलेली आहे; ती रिकामी सोडू नये. ईगल या सर्किट-सॉफ्टवेअरच्या विनामूल्य आवृत्तीत बोर्डाच्या क्षेत्रफळावर ८० चौरस सेंमीची मर्यादा असे. ती परवान्याची मर्यादा होती, गणिताची नव्हे, आणि आरंभबिंदू हलवून ती सुटत नसे. तुमच्या बोर्डाचे क्षेत्रफळ जवळजवळ १४९ चौरस सेंमी असल्यामुळे तो तिथे मावलाच नसता. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये विकत घेतलेल्या ईगलचा आधार ७ जून २०२६ पर्यंतच असल्याचे त्या कंपनीने जाहीर केले होते, तेव्हा नव्या कामासाठी त्याचा विचार करण्याचे कारण उरलेले नाही.

फाइलची तपासणी करण्यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही. अक्षरी स्वरूपातली डीएक्सएफ साध्या मजकूर-संपादकात उघडते. तिची रचना दोन-दोन ओळींच्या जोड्यांची असते: पहिल्या ओळीत एक सांकेतिक क्रमांक आणि दुसऱ्या ओळीत त्याचे मूल्य. क्रमांक ९ नंतर शीर्षभागातल्या चलाचे नाव येते, ० नंतर आकृतीचा प्रकार, ८ नंतर लेयरचे (आकृतीच्या थराचे) नाव, आणि १० व २० नंतर क्ष आणि य निर्देशांक. शीर्षभागात इन्सयुनिट्स (INSUNITS) हे नाव शोधावे. त्याच्याखाली १ असेल तर इंच, २ फूट, ४ मिलिमीटर, ५ सेंटिमीटर, ६ मीटर, आणि ० असेल तर एकक ठरवलेलेच नाही. त्यानंतर एक्स्टमिन (EXTMIN) आणि एक्स्टमॅक्स (EXTMAX) ही दोन नावे शोधावीत. आकृतीचा सर्वांत डावा-खालचा आणि सर्वांत उजवा-वरचा निर्देशांक तिथे असतो. मात्र हे आकडे फाइल साठवणाऱ्या सॉफ्टवेअरने नीट भरलेले असतीलच असे नाही. १ च्या पुढे २० शून्ये असलेली संख्या तिथे दिसली तर ती खरी मर्यादा नसून न भरलेली जागा आहे, असे समजावे. अशा वेळी फाइल लिब्रेकॅड किंवा फ्रीकॅड या विनामूल्य रेखाटन-सॉफ्टवेअरमध्ये उघडून संपूर्ण आकृती पडद्यावर मावेल अशी आज्ञा द्यावी आणि माउसखालचे निर्देशांक वाचावेत.

तुमच्या फाइलमध्ये एककाची चूक नाही, पण हाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांची अडचण एककाची असते, म्हणून तेही सांगतो. मिलिमीटरमध्ये काढलेली आकृती इंच म्हणून वाचली गेली की ती २५.४ पट होते. २१४७.४८ ला २५.४ ने भागले की ८४.५ येतात, म्हणजे आरंभबिंदूपासून ८४.५ मिमीच्या पलीकडे गेलेला प्रत्येक बिंदू या एका चुकीने मर्यादेबाहेर जातो. क्रेडिट कार्डापेक्षा किंचित मोठा बोर्डही यात सापडतो, आणि समोर सूचना मात्र आकार फार मोठा असल्याची येते. उलट दिशेची चूक अधिक फसवी असते, कारण मीटरमध्ये साठवलेली १२० मिमीची आकृती मिलिमीटर म्हणून वाचली की ०.१२ मिमीचा ठिपका होते. तो पडद्यावर दिसत नाही, सूचनाही येत नाही, आणि माणूस फाइल रिकामी असल्याचे समजून तीच फाइल तीनतीनदा आणत राहतो. नंतर बाह्यरेखेच्या लेयरवर ते सगळे ठिपके सापडतात. ऑटोकॅडच्या जुन्या आर-१२ स्वरूपात इन्सयुनिट्स हे चल नसते, म्हणून त्या स्वरूपात साठवलेल्या फाइलचे एकक आयात करणाऱ्यानेच सांगायचे असते. कीकॅडच्या आयात-खिडकीत मूळ एकक विचारणारी जागा आहे ती याचसाठी.

एककाची चूक प्रमाणाने दुरुस्त करायची झाली तर गुणक पूर्ण लिहावा. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी, त्यात पुढे दशांश नाहीत. त्यामुळे मोठे करताना प्रश्न येत नाही, पण लहान करताना लोक १ भागिले २५.४ ऐवजी ०.०३९४ लिहितात. खरा गुणक ०.०३९३७००८ आहे. ३०० मिमीच्या बोर्डावर या गोलाईने जवळजवळ ०.२३ मिमीचा फरक पडतो. बोर्ड डोळ्यांना बरोबर दिसतो, पण दोन टोकांचे स्क्रू एकाच वेळी बसत नाहीत. शक्य असेल तेव्हा गुणकाच्या भानगडीत न पडता एककच बरोबर निवडावे.

आता तुमच्या फाइलकडे वळू. पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. संपूर्ण वाहनासाठी एकच निर्देशांक-पद्धत ठरलेली असते, तिचा आरंभबिंदू बहुधा पुढच्या आसाजवळ असतो, आणि प्रत्येक भाग त्याच पद्धतीत, आपल्या खऱ्या जागी काढलेला असतो. भाग एकमेकांत घुसत नाहीत ना हे पाहायला ती पद्धत उत्तम आहे, पण तिथून काढलेली द्विमितीय फाइल सर्किटच्या कामाला जशीच्या तशी चालत नाही. बसमध्ये पाठीमागच्या बाजूचा दिवा साडेसहा मीटरवर असणे अगदी स्वाभाविक आहे.

इथेच ५६.२ मिमीचा खुलासा होतो. रॅकजवळचा दिवा प्रवाशांकडे कललेला असतो, आणि ही फाइल बसकडे वरून पाहिल्यासारखी काढलेली आहे. कललेला बोर्ड वरून पाहिला की कलाच्या दिशेने आखूड दिसतो. ५६.२ ला ६२ ने भागले तर ०.९०६ येतात, आणि हे जवळजवळ २५ अंशांचे कोसाइन आहे. लांबीच्या दिशेने कल नसल्यामुळे २४० मिमी मात्र शाबूत राहिले. याची खातरजमा एका मिनिटात होते. मजकूर-संपादकात वर्तुळ आणि लंबवर्तुळ या दोन प्रकारांची इंग्रजी नावे (CIRCLE आणि ELLIPSE) शोधा. सरळ पाहिलेल्या बोर्डाची स्क्रूची भोके वर्तुळे म्हणून येतात; कललेल्या बोर्डाची लंबवर्तुळे म्हणून. ४.२ मिमीचे भोक २५ अंशांनी कलले की एका दिशेने ४.२ आणि दुसऱ्या दिशेने ३.८ मिमी दिसते. पडद्यावर हा फरक सहज नजरेतून सुटतो, म्हणून डोळ्यांपेक्षा फाइलमधल्या नावावर भरवसा ठेवावा.

आकड्यांवरून आणखी एक अनुमान काढता येते. १.६ मिमी जाडीचा पूर्ण बोर्ड २५ अंशांनी कलवून वरून पाहिला असता, तर जाडीमुळे साधारण ०.६८ मिमीची भर पडून रुंदी ५६.९ मिमी आली असती आणि लांब कडांच्या दोन-दोन रेषा दिसल्या असत्या. तुमची रुंदी ५६.२ आहे, म्हणजे फक्त एका पृष्ठाची कड आलेली दिसते. ते पृष्ठ वरचे की खालचे, हे आकड्यांवरून कळत नाही. विचारूनच घ्यावे लागेल.

फाइल नव्याने मिळण्याची शक्यताच नसेल, तर आकृती कलाच्या दिशेने ६२ भागिले ५६.२ या पटीत ताणून मूळ आकार परत मिळवता येतो. सपाट पृष्ठासाठी हे गणित बरोबर आहे. तरी मी ते करण्याचा सल्ला देणार नाही, कारण लंबवर्तुळे पुन्हा वर्तुळे झाली तरी फाइलमध्ये त्यांचा प्रकार लंबवर्तुळच राहतो आणि कोपऱ्यांच्या गोलाईचे चाप तुकड्यांच्या वक्ररेषा होऊन बसतात. मेकॅनिकल विभागाला दुसरी फाइल मागणे हाच सरळ मार्ग आहे, आणि मागणी नेमकी करावी. बोर्डाच्या वरच्या पृष्ठाला लंब दिशेने पाहून, केवळ त्या पृष्ठाची बाह्यरेखा आणि भोके, डाव्या-खालच्या स्क्रूच्या भोकाचे केंद्र शून्यावर ठेवून, मिलिमीटरमध्ये, एकास एक, असे लिहून पाठवावे. सॉलिडवर्क्स या त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठ निवडून त्याचीच डीएक्सएफ काढण्याची सोय आहे, आणि कॅटिया या तशाच सॉफ्टवेअरमध्ये त्या पृष्ठाला समांतर दृश्य घेऊन तेच साधते. मागणी मोघम केली की पुन्हा तीच फाइल वेगळ्या नावाने येते.

आरंभबिंदू म्हणून मी बोर्डाच्या कोपऱ्यापेक्षा भोकाचे केंद्र पसंत करतो. कोपरा गोल केलेला असतो, त्याला नेमका बिंदू नसतो, आणि पुढेमागे कड अर्धा मिलिमीटर सरकली की सगळे निर्देशांक सरकतात. स्क्रूचे भोक सहसा जागा बदलत नाही. त्याच भोकाचे वाहनातले मूळ निर्देशांक आणि कलाचा कोन आराखड्याच्या टिपांच्या लेयरवर लिहून ठेवावेत. कीकॅडमध्ये ड्रिल आणि प्लेसमेंटचा आरंभबिंदू त्या भोकावर ठेवावा, आणि त्रिमितीय स्टेप फाइल बाहेर काढताना तोच बिंदू आधार म्हणून निवडावा, म्हणजे मेकॅनिकल विभाग तो बोर्ड एका सरकवणीने आणि एका फिरवणीने बसमध्ये परत ठेवू शकतो.

कलाचा प्रश्न नसलेली, फक्त दूर पडलेली फाइल असेल, तर ती स्वतःच हलवता येते. लिब्रेकॅडमध्ये सर्व आकृती निवडून भोकाच्या केंद्रापासून शून्यापर्यंत हलवावी. ऑटोकॅड हाताशी असेल तर डब्ल्यूब्लॉक ही आज्ञा मला अधिक आवडते, कारण तिच्यात हवी तेवढीच आकृती निवडता येते, आधारबिंदू सांगता येतो आणि नवी स्वच्छ फाइल तयार होते. जुन्या फाइलमधल्या न वापरलेल्या व्याख्या आणि इतर केरकचरा तिच्यात येत नाही.

या केरकचऱ्यामुळेही आकारमर्यादेची अडचण येते. बोर्ड शून्याजवळ आणि योग्य मापाचा, तरीही मर्यादा ओलांडली जाते, अशा वेळी आकृतीत दूर कुठेतरी एखादा एकटा बिंदू, विसरलेली मापरेषा किंवा शीर्षक-चौकट असते. संपूर्ण आकृती पडद्यावर आणली की बोर्ड एका कोपऱ्यात ठिपक्याएवढा दिसतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात अपराधी सापडतो. बाह्यरेखेखेरीज सगळे पुसून टाकावे. मापे, मजकूर, रेघांकन यांपैकी कशाचाही सर्किटला उपयोग नाही. ब्लॉकच्या (एकत्र बांधलेल्या आकृत्यांच्या गटाच्या) आत दडलेल्या आकृत्याही तपासाव्यात, कारण ब्लॉकला स्वतःचे प्रमाण असते आणि जुन्या आयात-प्रणाली ते नेहमीच पाळत नाहीत. निर्यातीपूर्वी ब्लॉक फोडून टाकलेले बरे. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषांसाठी ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल ही आज्ञा आहे. दुहेरी रेषा आकाराने कुठेच खटकत नाहीत, पण बंद बाह्यरेखा शोधणाऱ्या तपासणीला त्या अडखळवतात आणि मग बाह्यरेखा सदोष असल्याची तक्रार येत राहते.

आकार मर्यादेत असूनही फाइल जड असणे हा निराळा प्रकार आहे, आणि त्याचे मूळ बहुधा स्प्लाइन, म्हणजे काही बिंदूंच्या आधाराने आखलेली मुक्त वक्ररेषा, असते. स्टाइलच्या विभागाकडून आलेली वक्र कड ही पुष्कळदा स्प्लाइन असते, आणि काही साधने ती निर्यात करताना हजारो बारीक रेषांत तोडतात. प्रत्येक तुकड्यासाठी अंतराची तपासणी होते आणि तांब्याचे भरण पुन्हा मोजले जाते, त्यामुळे सॉफ्टवेअर रांगू लागते. आर-१२ स्वरूपात स्प्लाइन हा प्रकारच नाही, म्हणून त्या स्वरूपात साठवताना हे तुकडे होणारच. नव्या कीकॅडमध्ये स्प्लाइन बेझियर वक्र म्हणून येऊ शकतात, तेव्हा आर-१२ चा जुना सल्ला आज सरसकट लागू करू नये. बोर्डाची कड मिलिंग कटरने कापली जाते आणि त्या कापाची सहनमर्यादा साधारण ०.१ ते ०.२ मिमी असते, हे सांगितले की मेकॅनिकल विभागही बहुधा स्प्लाइनच्या जागी दोन-तीन चाप द्यायला तयार होतो. चाप डीएक्सएफमध्ये नेमकेपणाने राहतात. पॉलिलाइनमध्ये (सलग जोडलेल्या रेषांच्या साखळीत) त्यांचा फुगवटा क्रमांक ४२ खाली एका संख्येने नोंदवलेला असतो, आणि ती संख्या चापाच्या कोनाच्या चतुर्थांशाचे टॅन्जन्ट असते; अर्धवर्तुळासाठी ती १ येते. ०.१ प्रमाणात आणून नंतर दहापट करण्याच्या युक्तीचा आणखी एक तोटा इथे दिसतो. वक्राचे तुकडे पाडायचे असतील तर ते लहान आकृतीला पुरेल एवढ्याच सूक्ष्मतेने पडतात आणि मोठे केल्यावर कड टोचणारी दिसते.

कीकॅडमधली प्रत्यक्ष कृती छोटी आहे. फाइल मेनूतून ग्राफिक्स आयात करण्याची खिडकी उघडावी, लेयर म्हणून आधी बाह्यरेखेचा लेयर न निवडता एखादा रिकामा उपयोक्ता-लेयर निवडावा, प्रमाण १ ठेवावे, रेषेची जाडी ठरवावी आणि शून्यावर ठेवण्याचा पर्याय घ्यावा. आकृती तपासून झाल्यावरच ती बोर्डाच्या कडेच्या लेयरवर न्यावी. कागदाच्या चौकटीची काळजी करू नये. बोर्ड ए-४ च्या चौकटीबाहेर गेला तरी फरक पडत नाही. ती चौकट छपाईपुरती आहे.

बोर्ड खरोखरच लांब असेल, तर सॉफ्टवेअरच्या मर्यादेच्या कितीतरी आधी दुसऱ्या मर्यादा आडव्या येतात. बोर्ड बनवणाऱ्यांकडे १८ इंच × २४ इंच, म्हणजे ४५७ मिमी × ६१० मिमी हे पॅनेल सर्रास चालते. कडेची जागा सोडली की प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते. ट्यूबलाइटचे सव्वा मीटर लांबीचे ॲल्युमिनियम बोर्ड बनतात, पण त्यासाठी लांब बोर्ड घेणारा कारखाना आणि तशीच लांब यंत्रे असलेला जोडणीकार हवा. बसची संपूर्ण लांबी उजळणारी पट्टी एकाच आराखड्यात काढण्याचा मोह टाळावा आणि कनेक्टरने जोडलेले अनेक सारखे बोर्ड करावेत. वाहनात एक बोर्ड जळाला तर एकच बदलता येतो.

लांब बोर्डात उत्पादनाच्या फाइलींचे स्वरूपही तपासावे लागते. गर्बर फाइलमध्ये (कारखान्याला द्यायच्या बोर्डाच्या थरांच्या फाइलमध्ये) मिलिमीटरसाठी ४.६ स्वरूप घेतले की दशांश चिन्हाच्या आधी चार अंक मिळतात, ते भरपूर झाले. पण ड्रिल फाइल ३.३ स्वरूपात काढली तर चिन्हाआधी तीनच अंक राहतात आणि ९९९.९९९ मिमीच्या पुढचे भोक लिहिताच येत नाही. १२०० मिमीच्या पट्टीत शेवटच्या भोकांचा घोळ होतो तो इथे. कीकॅडमध्ये ड्रिल फाइल दशांश चिन्हासह काढण्याचा पर्याय आहे. तो ठेवला की हा प्रश्न येत नाही. ग्राहकाने जुन्या स्वरूपाचा आग्रह धरलाच तर आरंभबिंदू पट्टीच्या मध्यावर न्यावा.

नवी फाइल आल्यावर तुम्ही तीन मापे घ्यावीत. पूर्ण लांबी आणि रुंदी २४० व ६२ मिमी असली पाहिजे. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधले तिरपे अंतर कीकॅडच्या मापपट्टीने मोजून मेकॅनिकल ड्रॉइंगवरून काढलेल्या अंतराशी जुळवावे, कारण तिरप्या मापात दोन्ही दिशांची चूक एकदम पकडली जाते. ड्रॉइंगवर लिहिलेला आकडा हाताने बदललेला असू शकतो, म्हणून लिहिलेले माप न वाचता त्यांच्याकडूनही त्रिमितीय मॉडेलमध्ये मोजूनच घ्यावे. तिसरे, भोकाचा व्यास आडवा आणि उभा दोन्ही मोजावा. ही सगळी मापे जुळली तरी आकृती आरशातल्यासारखी उलटी असू शकते, कारण पृष्ठ एलईडीच्या बाजूने पाहिले की पाठीमागून, यावर डावे-उजवे अवलंबून असते. तुमच्या बोर्डाला एकाच बाजूला खाच असेल तर ती कुठल्या हाताला आहे ते विचारून घ्या. खाच नसेल आणि भोकेही सममित असतील, तर कनेक्टर कोणत्या टोकाला येतो ते ड्रॉइंगवर लिहून मागा आणि त्यानंतरच ट्रॅक टाकायला सुरुवात करा.